अंधारात काय दिसतं ते बघून घ्या: हॅलोवीनच्या अंगणासाठी नाशकातल्या स्वस्त सामानाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. हॅलोवीनसाठी बंगल्याचं अंगण नाहीतर सोसायटीचं गार्डन सजवायचं असेल तर ऑनलाइन मिळणारं रेडीमेड किट घेऊ नका, नाशकात राहून तर अजिबातच नका घेऊ, कारण त्याच्या निम्म्या पैशात मेन रोड, रविवार कारंजा आणि भद्रकालीच्या बाजूला फिरून जे सामान हाताला लागतं त्यात कितीतरी भारी काम होतं आणि त्यातलं सगळ्यात भारी सामान तर फुकट आहे, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. त्यावर खाली भरपूर लिहिलंय, ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिथेच जा.

आमच्या पाथर्डी फाट्याकडच्या कॉलनीत हे मुलांनी सुरू केलं, शाळेत फॅन्सी ड्रेस झाला की कॉलनीतही हवं असं त्यांचं म्हणणं, आणि हाताने काही बनवायचं म्हटलं की मला राहवत नाही त्यामुळे सामानाचं खातं माझ्याकडे आलंय. मी प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारते. अंधारात पंधरा फुटांवरून ती दिसते का, रात्रीच्या दवात टिकते का आणि वारा आला की चांगली दिसते की गुंडाळून बसते. दुकानात ट्यूबलाइटखाली हातात घेऊन बघितलं की सगळंच छान वाटतं हो, पण हा रात्रीचा सण आहे, ३१ ऑक्टोबरची रात्र, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, आणि त्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांच्या साविन सणात आहेत, सुगी संपून वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू व्हायचा तेव्हाचा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मुलं सातला बाहेर पडतात तोपर्यंत रंग सगळे गेलेले असतात, उरतं काय तर आकार, हालचाल आणि उजेड. म्हणून आकार देणारं, हलणारं किंवा उजेड धरणारं सामान घ्यायचं आणि रंग, चमकी, छापील अक्षरं यावर एक रुपया घालायचा नाही, हा माझा ठाम नियम.

किटचं आधी उरकते. पाचशेपासून हजारापर्यंत कितीही रेट असतो, आत एक बॅनर, काळे-केशरी फुगे, चमकीचा पडदा, कागदी वटवाघळं, ताणायचं पांढरं जाळं आणि प्लास्टिकचे कोळी. हॉलमध्ये लावायला ठीक आहे पण बाहेर फुगे दुपारच्या उन्हात फुटतात, पडदा वाऱ्याने स्वतःभोवती वळतो आणि बॅनर रात्री कुणी वाचत नाही. त्यातली एक गोष्ट खरंच चांगली असते, ती पातळ पीव्हीसीची भिंतीला चिकटवायची घडीची वटवाघळं, पांढऱ्या भिंतीवर खालून दिवा मारला की त्यांच्या पंखांची सावली केवढी तरी मोठी पडते. पण तीच वटवाघळं काळ्या कार्डशीटची घरी कापता येतात, मधोमध घडी घालायची आणि पंख थोडे वर उचलायचे, स्टेशनरीच्या दुकानात मोठं शीट पंधरा-वीस रुपयांना मिळतं आणि एका शीटमध्ये डझनभर तरी बसतात. दवाने कार्डशीट लोंबतं, म्हणून ती पोर्चच्या छताखालीच लावायची. किटला पाचपैकी दीड, तो दीडही वटवाघळांमुळे.

आता काड्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे द्राक्षबागेची वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. म्हणजे हॅलोवीनच्या बरोबर आधी निफाड, पिंपळगाव, दिंडोरी, ओझर या सगळ्या पट्ट्यात बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात. काही शेतकरी त्या बारीक करून बागेतच टाकतात, काही नुसत्या बाजूला ढकलून ठेवतात. विचारून घ्यायच्या, न विचारता उचलायच्या नाहीत. आम्ही दिंडोरी रोडला एका बागेत विचारलं, ‘काका, थोड्या काड्या नेऊ का, मुलांना डेकोरेशन करायचंय’ तर ते म्हणाले ‘थोड्या कशाला ताई, ट्रॉलीभर न्या, आमचंच काम हलकं होईल’ आणि वर स्वतः सुतळीने मोळी बांधून डिकीत ठेवून दिली. एवढी चांगली सर्व्हिस कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

ऑक्टोबरच्या काड्या पेन्सिलीच्या जाडीच्या, तपकिरी, पक्व झालेल्या असतात, हात-दीड हात लांब, आणि ताज्या असताना पाहिजे तशा वळतात. चार-पाच दिवसांनी कडक होतात, मग वळवायच्या असतील तर रात्रभर पाण्याच्या टाकीत नाहीतर टबात बुडवून ठेवायच्या. आणि एकदा वळवून बांधल्या की वाळून त्याच आकारात पक्क्या बसतात, दव पडो पाऊस पडो काही होत नाही. आमच्याकडे परतीचा पाऊस येऊन गेला त्यात कापड, कागद सगळं आत घ्यावं लागलं, काड्या बाहेरच होत्या आणि ओल्या झाल्यावर उलट अजून काळ्या आणि भारी दिसायला लागल्या.

करायचं काय तर सगळ्यात सोपं म्हणजे जमिनीतून वर आलेला हात. काडीला जिथे डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा असते तिथे ती जराशी फुगीर असते, हुबेहूब बोटाच्या पेरासारखी, तिथेच वाकवायची. पाच काड्या घ्यायच्या, मनगटाच्या जागी बाइंडिंग वायरने आवळायच्या, खालची टोकं जमिनीत वीतभर खोल रोवायची की झाला हात. ही बाइंडिंग वायर म्हणजे स्लॅबच्या सळया बांधायला वापरतात ती, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते, अर्धा किलो घेतली तरी संपत नाही, फक्त टोकं पकडीने आत वळवून ठेवा नाहीतर लहान मुलांना टोचतात. मोठ्या मुलांना हे हात इतके आवडले की लॉनच्या कडेने रांगच लावली त्यांनी, आणि खालून एक छोटा दिवा मारला तर मागच्या कंपाउंडवर बोटांच्या सावल्या माणसाएवढ्या होतात. दुसरं म्हणजे काड्यांचा पोकळ गोळा. फुगा फुगवून त्याभोवती ओल्या काड्या गुंडाळत जायच्या, मधे मधे तारेने बांधायचं, वाळल्यावर फुगा फोडायचा आणि आत एलईडीची माळ सोडायची. अमेरिकेतही वेलींच्या काड्यांचे असे भोपळे आणि गोल वेढे करतात, तिकडे ते क्राफ्टच्या दुकानात विकत घेतात, आपल्याकडे बांधावर पडलेत. हवा तर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचा झाडूही होतो, त्याला फक्त एक बांबू लागतो.

काळजी एकच आणि ती महत्त्वाची. बागेवर औषधांचे फवारे झालेले असतात, त्यामुळे काड्या आणल्यावर नळीने धुवून उन्हात वाळवा, बांधताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना काड्या तोंडात घालू देऊ नका, त्या जाळूनही टाकू नका. एवढं केलं तर पाचपैकी पाच, यापेक्षा चांगलं सामान मला तरी सापडलेलं नाही.

कापडाचं बघू. परदेशात भुतांसाठी चीजक्लॉथ वापरतात, विरळ विणीचं. ते इथे शोधत बसू नका, मलमल घ्या. मेन रोडला कापडाच्या दुकानात सांगताना ‘सगळ्यात हलकी, विरळ मलमल’ असं सांगायचं, आणि दुकानातच एक टोक धरून फुंकर मारून बघायची, हललं तर घ्यायचं. दुकानदार दादा आधी चकित झाले, मग कळलं काय करायचंय तेव्हा आतून डागाळलेला तुकडा काढून निम्म्या भावात दिला, भुताला डाग असले तर काय बिघडतं. मांजरपाट स्वस्त मिळतो पण तो जड पडतो, सरळ खाली लोंबतो, वाऱ्यात हलतच नाही. मच्छरदाणीचं कापड हलतं छान पण अंधारात दिसत नाही, मागून उजेड असेल तरच. साटीन नकोच.

आणि यातली गंमत ऐका. पांढऱ्या कापडावर ब्लॅक लाइट, म्हणजे जांभळट यूव्ही दिवा मारला की ते निळसर पेटल्यासारखं चमकतं, कारण कपडे धुवायच्या पावडरीत कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून जे द्रव्य घातलेलं असतं ते यूव्ही किरणं शोषून निळा उजेड बाहेर टाकतं. म्हणून कोरी मलमल आणली की आधी पावडरीत भिजवून धुवा, खळखळून नाही, थोडी कमीच खळबळा, आणि मग टांगा. कोरा मांजरपाट त्या दिव्यात मेल्यासारखा पिवळट राहतो, जुनी बनियन मात्र भयंकर चमकते. एलईडीचा छोटा यूव्ही दिवा पाचशेच्या आसपास मिळतो आणि तो एकच दिवा चार भुतांना पुरतो, तो खाली जमिनीजवळ, तोंड वरच्या बाजूला करून ठेवायचा, मुलांच्या डोळ्यांसमोर नाही.

उभं राहणारं भूत करायला कापडाला खळ देतात. साबुदाण्याची खळ आपल्या घरात सुती साड्यांना द्यायचेच, ती चालते, मैद्याचीही चालते. बाटलीवर फुगा बसवायचा, खळीत बुडवलेली मलमल त्यावर पसरायची, वाळली की बाटली-फुगा काढून घ्यायचा, कापड उभंच राहतं आत काही नसताना आणि दिसायला फार सुंदर दिसतं. पण खळ म्हणजे पीठ, रात्री दव पडलं की कापड मऊ होऊन खाली बसतं आणि मुंग्याही लागतात. बुक बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, तसं करा असं कुणी सांगेल पण मुलं हात लावणार त्या वस्तूत मोरचूद नको, विषारी आहे ते. त्यामुळे खळीची भुतं खिडकीच्या आत किंवा पोर्चमध्ये, बाहेर झाडाला नुसती धुतलेली मलमल. खळीला तीन, मलमलीला साडेचार.

बाहेर उभं करायला एक पूर्ण माणूस हवा असेल तर बुजगावणं करा ना, आपल्या शेतात शतकानुशतकं ते उभंच आहे. दोन बांबूंचा फुली घातलेला सांगाडा, जुना शर्ट, आत वाळलेलं गवत, डोक्याला मडकं. बांबू आणि कामट्या बुरुडांकडून घ्या, हार्डवेअरवाल्यापेक्षा स्वस्त पडतात आणि हव्या त्या मापाला तासून देतात. फक्त मडक्यावर डोळे-दात रंगवू नका, उलट चेहरा कोराच ठेवा आणि टोपी पुढे ओढा, चेहरा दिसला नाही की जास्त भीती वाटते, आमच्याकडे वॉचमन काकांनीसुद्धा पहिल्या रात्री त्याच्यावर बॅटरी मारून ‘कोण आहे’ विचारलं होतं.

भोपळ्याकडे येऊ, कारण सगळे आधी त्याच्याकडेच धावतात. मुळात ही चाल आयर्लंडची आणि तिथे सलगम कोरायचे, भोपळा आला तो तिथली माणसं अमेरिकेत गेल्यावर. तिकडे आता कोरण्यासाठीच वाण जोपासलेत, हाउडन नावाचं प्रसिद्ध वाण १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्याने तयार केलं. आपलं डांगर खाण्यासाठीचं आहे, बसकं, खोल रेघांचं आणि आतून जाडजूड गराचं, त्यामुळे कोरायला जास्त जोर लागतो आणि वजनही जास्त भरतं. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात अख्खं डांगर मिळतं, भाजीवाल्या मावशींना ‘कापू नका, अख्खंच द्या, देठासकट’ असं आधीच सांगावं लागतं. वरून झाकण कापू नका, खालून बुड कापा, म्हणजे ते दिव्यावर टोपीसारखं ठेवता येतं आणि वरचा देठ तसाच राहतो. गर चमच्याने खरवडून भिंत बोटाएवढी पातळ करा नाहीतर उजेड बाहेर येतच नाही. आपल्या हवेत कोरलेलं डांगर दोन-तीन दिवसांत कडेने बुरशी धरतं, म्हणून ३० तारखेच्या संध्याकाळीच कोरायचं, त्याआधी नाही. निघालेल्या गराचे घारगे करा, बिया धुवून वाळवून भाजा, काही वाया जात नाही.

पण माझं मत विचाराल तर डांगर एकच घ्या, हौसेपुरतं, आणि बाकीच्यांसाठी गरब्याची भोकाभोकांची मडकी घ्या. नवरात्रात ती बाजारात सगळीकडे असतात, दसरा झाला की उरलेला माल विक्रेत्यांना नको असतो आणि भाव पडतात, २०२५ मध्ये तर दसरा २ ऑक्टोबरलाच होता, म्हणजे हातात पूर्ण महिना. रंगीत आरसे-टिकल्या लावलेलं नको, साधं मातीचं घ्या, पाहिजे तर बाहेरून काळं रंगवा. आत एलईडी ठेवला की भोकांमधून उजेडाचे ठिपके आजूबाजूच्या भिंतीवर पसरतात, वाऱ्याने मडकं झुललं की ठिपके फिरतात, आणि ते कुजत नाही, पुढच्या वर्षीही चालतं. कोहळाही बघा, त्याच्यावरची पांढरी पूड अंधारात इतकी छान उठते की न कोरता नुसता काळ्या मार्करने तोंड काढलं तरी पुरतं. यावरून सोसायटीतल्या एक आजी मात्र म्हणाल्या की कोहळा आम्ही नजर लागू नये म्हणून दारात बांधतो, त्यावर भुताचं तोंड नको. मला ते पटलं. आमच्या गार्डनमध्ये आता कोहळ्यावर काही काढत नाही, कवट्याही कुणाच्या दारात ठेवत नाही, जे काय आहे ते गार्डनच्या कोपऱ्यात, ज्याला बघायचंय तो येऊन बघेल. दिवाळी याच सुमारास असते, कुणाकुणाच्या दारात रांगोळी असते, त्यांच्या सणाला धक्का लावून आपला खेळ करायचा नाही.

कोळ्याच्या जाळ्यावर मी रेटिंगच देणार नाही. ते पॅकेटमधलं कापसासारखं ताणायचं पांढरं जाळं झाडांवर लावू नका, अगदी हात जोडून सांगते. त्याचे धागे बारीक, न तुटणारे असतात आणि त्यात छोटे पक्षी, वटवाघळं अडकतात, परदेशात प्राणी वाचवणाऱ्या संस्था दरवर्षी हेच सांगतात. आपल्या नाशिक जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको, संक्रांतीला नायलॉन मांजाने पक्षी आणि माणसं कशी कापली जातात ते आपण बघतो, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली तरी झाडांवर त्याचे तुकडे लोंबत असतात. येवल्याची पतंगबाजी प्रसिद्ध आहे आणि मलाही पतंग आवडतात, पण असलं काही झाडात अडकवून ठेवायचं नाही म्हणजे नाही. जाळं करायचं तर जाड सुतळीचं करा, दोन खांबांच्या मधे, भोकं एवढी मोठी की अख्खा हात आरपार जाईल, चिमणी सरळ निघून जाते. सुतळीचा गुंडा पन्नास-साठ रुपयांत मिळतो आणि सुतळीची जाडी असल्याने ते जाळं लांबूनही दिसतं, त्या बारीक जाळ्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी उतरवून घ्या.

थर्माकोलच्या कबरी इंटरनेटवर फार दिसतात, तिकडे तीच पद्धत आहे. आपल्याकडे २०१८ पासून सजावटीसाठी थर्माकोल वापरायला राज्यात बंदी आहे, त्यामुळे तो विषय बंद. खोक्याचा पुठ्ठा घ्या, फ्रिज-वॉशिंग मशीनचे खोके इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर उभे असतात, विचारलं की देतात, भंगारवाल्याकडेही मिळतात. दोन थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवा म्हणजे पुठ्ठा वाकत नाही, वरून कागदाच्या लगद्याचा थर द्या, लगद्यात वाटलेली मेथी घालायची, जुन्या बायका लगद्याच्या टोपल्या करायच्या तेव्हा घालायच्या तशी, पकड चांगली येते आणि कीडही लागत नाही. मी मात्र कबरी करणं सोडून दिलंय कारण आपल्या डोळ्याला त्या ओळखीच्या नाहीत, मुलं विचारतात हे काय दगड आहेत का. त्यापेक्षा पडक्या वाड्याची खिडकी करा. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या खिडक्या, ते लाकडी गज, वर कोरलेली महिरप, एक दार निखळलेलं, सगळं पुठ्ठ्यात कापायचं, काळं करायचं, मागे घोटीव कागद नाहीतर केशरी जिलेटीन लावायचं आणि त्यामागे एक बल्ब. जिलेटीन आणि घोटीव कागद आकाशकंदिलाच्या सामानात मिळतात, दिवाळीनंतर गेलात तर उरलेले रोल स्वस्तात देतात. खिडकीच्या आत, कागदाच्या मागच्या बाजूने, एका बाईची पाठमोरी काळी आकृती चिकटवली की बस्स, आमच्याकडची सगळ्यात घाबरवणारी वस्तू हीच आणि पूर्ण खर्च दीडशेच्या आत. पाऊस आला तर आत घ्यावी लागते म्हणून चार देते.

ग्लू गन घ्यायची असेल तर जाड, ११ मिलिमीटरच्या कांडीची घ्या, ७ मिलिमीटरवाली छोटी गन कागदाच्या फुलांना ठीक पण पुठ्ठ्याच्या मोठ्या कामात मधेच थंड पडते. उन्हात तापलेल्या जागी हा गोंद मऊ पडून सुटतो, त्यामुळे बाहेरच्या वस्तूंना तार आणि सुतळीच. मुलांच्या हातात गन देऊ नका, चटका वाईट बसतो.

धुक्याचं मशीन भाड्याने मिळतं, डीजेवाल्यांकडे, पण धुपाटण्यात धूप आणि नारळाच्या शेंड्या टाकल्या की पुरेसा धूर होतो, ब्लॅक लाइटच्या झोतात तो वर चढताना दिसतो आणि डासही कमी होतात. कुणाला दमा असेल तर लावू नका, आणि धुपाटणं कापडापासून लांब, कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभं.

शेवटी दिवे, आणि इथे मात्र पैसे वाचवू नका. बाकीचं सगळं फुकट-स्वस्त मिळवून जे वाचतं ते दिव्यांवर घाला. सात रंगांची लुकलुकणारी माळ घेऊ नका, एका कोपऱ्याला एकच रंग, मडक्यांना पिवळट, भुतांना यूव्ही, खिडकीला केशरी, आणि मधली जागा अंधारी सोडा, अंधार नसेल तर उजेड कशावर उठणार. गार्डनचा मोठा हॅलोजन त्या दोन तासांपुरता बंद करायला सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. डांगरात, मडक्यात मेणबत्ती-पणती नको, कापड आणि वाळक्या काड्या जवळ असतात, बॅटरीचा एलईडी दिवाच ठेवा. त्या छोट्या दिव्यांमध्ये बटण सेल असतात, लहान मुलाने गिळला तर दोन तासांत आतून भाजतं, त्यामुळे ज्याचं झाकण स्क्रूने बंद होतं तोच दिवा घ्या, ज्याचं नखाने उघडतं तो कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. ओल्या लॉनवर घरच्या २३० व्होल्टच्या माळा लावू नका, यूएसबीवर चालणाऱ्या ५ व्होल्टच्या घ्या आणि पॉवर बँकेला जोडा. एकच छोटी माळ जोडली तर काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात कारण एवढा कमी करंट त्यांना कळत नाही, दोन-तीन माळा एकत्र जोडल्या की चालतात. रविवार कारंजाच्या बाजूला दिवाळी संपली की माळांचे भाव उतरतात पण परत केलेला मालही त्यातच मिसळलेला असतो, म्हणून प्रत्येक माळ दुकानातच लावून, शेवटच्या दिव्यापर्यंत हाताने हलवून बघा. गाडी मेन रोडला नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, शालिमारपर्यंत सिटीलिंकच्या शहर बसने जा आणि सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा दुकानदारांना दाखवायला वेळ असतो.